केसपेपरवर नाव लिहायला मला पाच महिने लागले

गेल्या महिन्यात माझी डिप्रेशनची शेवटची गोळी बंद झाली आणि डॉक्टरांनी केसपेपरवर "तीन महिन्यांनी दाखवणे" एवढंच लिहून दिलं, म्हणून आज हे लिहायला बसलोय. जुलै २०२४ ते डिसेंबर २०२५, जवळपास दीड वर्ष. यात शिरलो तेव्हा कुठं जायचं, कुठल्या खिडकीवर उभं राहायचं, पैसे किती लागतात, कॉलेजला कुठला कागद द्यायचा, घरी काय सांगायचं, यातलं काहीच माहीत नव्हतं. विचारायला माणसं होती, मीच विचारत नव्हतो. आत्ता ज्याला असंच विचारता येत नाहीये त्याच्यासाठी जे झालं ते क्रमाने लिहितोय. कॉलेजचं आणि हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, त्याची गरज पण नाही.

मी बार्शी तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग डिप्लोमा, ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन), ९१ टक्के. पण आमचं डिप्लोमाचं पहिलं वर्ष लॉकडाऊनमध्ये गेलं, गणिताची परीक्षा मोबाईलवर एमसीक्यू टिक करून दिलेली, इंटिग्रेशन सिलॅबसमध्ये होतं पण हाताखालून गेलंच नाही. २०२३ ला डायरेक्ट सेकंड इयरला, म्हणजे डिप्लोमावरून सरळ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, पुण्यात नंबर लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, डायरेक्ट सेकंड इयरवाल्यांचे कॅप राऊंड, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या, उशिरा संपतात, मी कॉलेजात पाऊल टाकलं तेव्हा सप्टेंबरचा तिसरा आठवडा होता आणि वर्ग कधीच सुरू झालेले. इनसेम, म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षा, तोंडावर. प्रॅक्टिकलच्या बॅचेस ठरलेल्या, ग्रुप झालेले, आणि एम-थ्रीचे, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरच्या गणिताचे, सर फळ्यावर एलडीई (एक प्रकारची डिफरन्शियल इक्वेशन्स) सोडवताना "हे तुम्ही बारावीला केलंयच" म्हणून दोन पायऱ्या गाळून पुढं जायचे. आम्ही डिप्लोमावाले सगळे शेवटच्या दोन बाकांवर. कुणीच हात वर केला नाही, मी पण नाही. आता वाटतं तिथंच एकदा हात वर करायला हवा होता.

एंडसेम डिसेंबरला झाली आणि रिझल्ट फेब्रुवारी २०२४ मध्ये लागला. एम-थ्री आणि डेटा स्ट्रक्चर्स, दोन बॅक, म्हणजे दोन विषय राहिले. दोन बॅक म्हणजे काही आभाळ कोसळत नाही, माझ्या रूमवर तिघांना होत्या, ते संध्याकाळी टपरीवर चहा पिऊन उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीचा फॉर्म भरून मोकळे झाले. माझं तसं झालं नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही, दुसऱ्या रात्री पण नाही, आणि मग पहाटे चारला झोप लागायची आणि अकराला जाग यायची असं सुरू झालं. आधी पहिलं लेक्चर बुडायचं, मग सकाळचं सगळंच, मग वाटायला लागलं की इतके दिवस गेलो नाही तर आता गेल्यावर सर विचारतील, म्हणून आजचा दिवस नको. असा एकेक "आजचा दिवस नको" जुळत जुळत एप्रिल आला.

रूमवर दिवसभर पडून राहिलं तर पार्टनर विचारणार, म्हणून नंतर नंतर मी झोप झालेली नसली तरी साडेआठला बॅग लावून त्यांच्याबरोबरच बाहेर पडायचो. कॉलेजच्या स्टॉपच्या आधीच "झेरॉक्स काढायची आहे" म्हणून उतरायचो. मग पीएमपीचा ४० रुपयांचा दिवसाचा पास काढून कात्रज ते शिवाजीनगर, शिवाजीनगर ते कात्रज, खिडकीची जागा धरून बसून राहायचो. बसमध्ये कुणी काही विचारत नाही. दुपारी मेसचा डबा रूमच्या बाहेर अडकवलेला असायचा, तो उघडायची इच्छाच नसायची, दोन घास खाऊन बाकीचं मागच्या गल्लीतल्या कुत्र्यांना घालायचो आणि डबा स्वच्छ धुऊन परत जागेवर अडकवायचो, कारण भरलेला डबा परत गेला तर मेसवाल्या काकू फोन करतात. सात किलो वजन गेलं. घरी सांगायचो की मेसचं जेवण बेकार आहे.

आणि एक गोष्ट मला सांगायचीच आहे कारण हे बरेच जण करतात. अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर पालकांचा मोबाईल नंबर म्हणून मी माझंच दुसरं सिम दिलं होतं. तेव्हा काही वाईट मनात नव्हतं, अण्णांना, म्हणजे वडिलांना, शेतात उगाच मेसेज जायला नकोत एवढंच. पण १० एप्रिलला त्या सिमवर मेसेज आला, "आपला पाल्य, हजेरी ३१ टक्के, तातडीने विभागप्रमुखांना भेटावे." आई-वडिलांसाठी आलेला मेसेज मीच वाचत होतो. तो अजून माझ्याकडे आहे. तो मेसेज बार्शीला गेला असता तर अण्णा दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीत बसले असते आणि माझे पुढचे अडीच महिने वाचले असते.

महिनाअखेरीला डिटेन्शनची, म्हणजे हजेरी कमी म्हणून अडवलेल्यांची, यादी लागली, त्यात माझं नाव. टर्म ग्रँट नाही म्हणजे सेमिस्टर फोरच्या परीक्षेला बसता येणार नाही, सरळ वायडी, इयर डाऊन, वर्ष वाया. मी तो बोर्ड बघायला पण गेलो नाही, ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला त्यात बघितलं. मे महिन्यात सगळ्यांची परीक्षा चालू असताना मी घरी फोनवर सांगत होतो, आजचा पेपर बरा गेला, उद्या सुट्टी आहे. प्रत्येक पेपरच्या संध्याकाळी आई विचारायची, "लिहिलास ना बाळा सगळा?" आणि मी हो म्हणायचो. आजारपणातलं बाकी सगळं एका बाजूला आणि ते "हो" एका बाजूला.

जूनमध्ये मरणाचे विचार यायला लागले. आधी नुसतंच वाटायचं की सकाळी जाग नाही आली तर बरं, मग ते जास्त ठळक व्हायला लागलं. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो, की तो विचार येतो तेव्हा अगदी शांत, समजूतदार सल्ला दिल्यासारखा येतो, आणि त्यामुळेच त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

२६ जूनला रात्री दोनच्या सुमाराला मी १४४१६ ला फोन केला. ही टेलिमानस, केंद्र सरकारची हेल्पलाईन, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. नंबर मला एका बसस्टॉपवरच्या पोस्टरमुळे पाठ झालेला, त्या स्टॉपवरून मी किती वेळा गेलो असेन. फोन लागल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं मला बोलताच येईना, पलीकडच्या ताई म्हणाल्या, "सावकाश, मी आहे लाईनवर." मग त्यांनी सरळ विचारलं की आत्महत्येचे विचार येतात का, आज येतायत का, आत्ता तुमच्या खोलीत कोण आहे. इतकं सरळ कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी हो म्हणालो आणि रडायला लागलो, फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. त्यांनी उपदेश अजिबात केला नाही, दोनच गोष्टी करायला सांगितल्या. शेजारी झोपलेल्या पार्टनरला आत्ता, फोन चालू असतानाच उठव, आणि ओपीडी ज्या दिवशी असेल त्या दिवशी त्याला बरोबर घेऊन जा. मी त्याला उठवलं. तो डोळे चोळत उठला, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "भावा, मला वाटतच होतं काहीतरी, पण तू रोज बॅग घेऊन निघायचास रे." त्या रात्री आणि पुढच्या चार रात्री तो माझ्याजवळ गादी टाकून झोपला. त्याचे उपकार कसे फेडायचे मला माहीत नाही.

सोमवार १ जुलैला आम्ही मोठ्या सरकारी हॉस्पिटलात गेलो. पालख्या पुण्यात मुक्कामी होत्या, रस्ते बंद, बस कुठून कुठून फिरवलेल्या, टाळ-मृदंगाच्या आवाजातून चालतच शेवटचा टप्पा गाठला. घरी सांगितलं माऊलीच्या दर्शनाला चाललोय. घरी बोललेलं ते शेवटचं खोटं.

केसपेपरची खिडकी सकाळी लवकर गाठा, आम्ही साडेआठला पोचलो तरी पुढं तीसेक माणसं होती. माझा नंबर आला, क्लार्कनं नाव विचारलं, वय विचारलं, पत्ता विचारला आणि म्हणाला, "कुठला विभाग?" मागं रांग उभी. माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. पार्टनर मागून म्हणाला, "मानसोपचार." क्लार्कनं वर पण बघितलं नाही, टाईप केलं, २० रुपये घेतले, कागद सरकवला, "पहिला मजला, डावीकडं." ज्या शब्दाला मी पाच महिने घाबरलो तो त्याच्यासाठी हाडांचा विभाग, डोळ्यांचा विभाग तसाच एक विभाग होता. (गावाकडचे असाल तर जिल्हा रुग्णालयात पण मानसोपचाराची ओपीडी असते, आणि आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे पण पैसे लागत नाहीत. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात थोडे लागतात.)

वर दोन तास बसलो. शेजारी एक आजी होत्या, नातवाला घेऊन आलेली एक बाई, ऑफिसची बॅग मांडीवर घेतलेला एक माणूस. सगळी आपल्या घरातल्यासारखी माणसं. आधी एका ज्युनिअर डॉक्टरनं पाऊण तास सगळं विचारून लिहून घेतलं, झोप, भूक, दारू-सिगारेट, घरात कुणाला असा त्रास होता का, विचार कधीपासून. मग नऊ प्रश्नांचा एक कागद, प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण २७ पैकी माझे १९ आले. मग मोठ्या मॅडमनी बघितलं. त्या म्हणाल्या, हे डिप्रेशन आहे, मध्यम ते तीव्र, आणि याला उपचार आहे. आळस आणि यातला फरक त्यांनी एका वाक्यात सांगितला, "आळशी माणसाला न केल्याचं बरं वाटतं, तुला न केल्याचं बरं वाटत होतं का?" मी म्हणालो, एक दिवस पण नाही.

रक्त तपासायला सांगितलं, हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह. थायरॉईड कमीजास्त असलं तरी असं होऊ शकतं म्हणून ते आधी बघतात. दोन तपासण्या हॉस्पिटलातच झाल्या, बी-ट्वेल्व्ह बाहेरून करावी लागली, ६०० रुपये, आणि ते खरंच खूप कमी निघालं, त्याची वेगळी औषधं मिळाली. मुख्य गोळी एस्सिटालोप्राम, कमी डोसपासून सुरू. डोस लिहीत नाही कारण माझा डोस बघून कुणी आपल्या मनाने घेऊ नये. पहिले आठ-दहा दिवस मळमळ, हात थरथरणं, उलट जास्तच बेचैनी. मॅडमनी हे आधीच सांगून ठेवलेलं, पहिल्या आठवड्यात गोळी लागू पडत नाही, त्रासच जाणवतो, तिसऱ्या आठवड्यापर्यंत दम धर, आणि मधे विचार वाढले तर तारखेची वाट न बघता ये. हे सांगितलं नसतं तर मी चौथ्या दिवशी सोडून दिली असती. गोळ्या हॉस्पिटलच्या काउंटरला फुकट मिळायच्या, एकदा संपल्या होत्या तेव्हा जनऔषधी दुकानातून घेतल्या, दहा गोळ्यांची पट्टी वीस रुपयांच्या आत.

त्याच दिवशी मी मॅडमना विचारलं की फेब्रुवारीपासूनचं मेडिकल सर्टिफिकेट मिळेल का, म्हणजे डिटेन्शन निघेल. त्या स्पष्ट म्हणाल्या, "मी तुला आज पहिल्यांदा बघतेय, सर्टिफिकेटवर आजचीच तारीख येईल. तुला त्रास फेब्रुवारीपासून आहे असं तू सांगितलंस, हे मी केसपेपरवर लिहिलंय, पण मागची तारीख मी टाकणार नाही." आणि त्यांचं बरोबरच होतं. माझं वर्ष तिथं गेलं. फेब्रुवारीत, अगदी मार्चमध्ये जरी मी त्या खिडकीवर उभा राहिलो असतो तरी कागदावर ती तारीख असती, आणि कॉलेजकडे हजेरीसाठी मेडिकल ग्राउंडवर अर्ज करता आला असता. त्यामुळे कुणाला असं काही वाटत असेल तर "एवढं काही नाही" म्हणून थांबू नका, एकदा जाऊन केसपेपर काढा. काही नसेल तर डॉक्टर नाही म्हणून सांगतील, दिवस वाया गेला एवढंच होईल.

६ जुलैला मी बार्शीला गेलो. कोळपणी चालू होती, सोयाबीन वीतभर आलेलं. आईला आधी सांगू की अण्णांना हे मी पुणे ते बार्शी पूर्ण रस्ताभर ठरवत होतो. शेवटी दुसऱ्या दिवशी शेतात, अण्णा कोळपं थांबवून पाणी प्यायला बांधावर आले तेव्हा केसपेपरची घडी उघडून त्यांच्या हातात दिली. इंग्रजीत लिहिलेलं, त्यांना वाचता येईना, म्हणाले, "काय हाय ह्ये?" मी म्हणालो, मी परीक्षेला बसलोच नाही, फेब्रुवारीपासून कॉलेजलाच गेलो नाही, मला जगायला नको वाटत होतं, औषध चालू केलंय. ते बराच वेळ कागदाकडंच बघत राहिले. मग कागद नीट घडी करून माझ्या खिशात घातला आणि म्हणाले, "आधी सांगायचं न्हाय व्हय रं." एवढंच. संध्याकाळी आईला त्यांनीच सांगितलं.

सगळं इतकं सोपं नव्हतं. आई आठ दिवस माझ्या मागं मागं फिरायची, आत्यानं कुठूनतरी अंगारा आणला, मी तो लावून घेतला आणि गोळी पण चालू ठेवली, त्यावरून भांडत बसलो नाही. चुलत्यांनी "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" सुनावलं. पण २२ जुलैच्या तारखेला अण्णा माझ्याबरोबर पुण्याला आले. एसटीला एका बाजूला तीनशेच्या आसपास, दोघांचं जाऊन-येऊन बाराशे, म्हणून मी नको म्हणत होतो. ओपीडीत मॅडमनी माझं झाल्यावर सहज अण्णांना विचारलं, "तुमची झोप कशी आहे?" आणि अण्णा बोलायला लागले. २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या दुष्काळात, ते चार महिने रात्रभर ओसरीवर बसून काढायचे, बोअर कोरडं, डोक्यावर सोसायटीचं कर्ज, मनात नको नको ते यायचं, कुणाला बोलले नाहीत. मी तेव्हा सहावी-सातवीत होतो, मला वाटायचं अण्णा राखणीला बसतात. टोपी मांडीवर ठेवून ते एका अनोळखी डॉक्टरला हे सांगत होते आणि मी शेजारच्या स्टुलावर बसून ऐकत होतो. त्या दिवसानंतर घरात कुणी मला "टेन्शन घेऊ नको" म्हणालं नाही.

समुपदेशन दर पंधरा दिवसांनी, त्याच विभागात, वेगळी फी नाही. बाहेर चौकशी केली होती, एका सेशनचे हजार-दीड हजार, ते आम्हाला झेपणारं नव्हतं. सरकारीत वेळ कमी मिळतो, अर्धा तास, कधी वीस मिनिटं, आणि दोनदा माणूस बदलला तेव्हा पहिल्यापासून सांगावं लागलं, त्याचा वैताग आला. तरी कामाला आलं. सुरुवातीला त्यांनी फक्त दिवसाचा तक्ता दिला, उठल्यावर काय, जेवण कधी, किती चाललो, आणि प्रत्येकापुढं किती बरं वाटलं याचा आकडा. गावाकडं ओढ्यापर्यंत चालत जाऊन येणं याला पहिल्या आठवड्यात मी दहापैकी दोन दिलेले, पाचव्या आठवड्यात सहा. मग एम-थ्री. समुपदेशनाच्या ताईंनी सांगितलं की पुस्तक उघडल्यावर शरीरात काय होतं ते लिही, गणित सोडवू नको. मी लिहिलं, छातीत धडधड, हाताला घाम, पोटात गोळा. रोज दहा मिनिटं नुसतं उघडून बसायचं. चौदाव्या-पंधराव्या दिवशी पोटातला गोळा आला नाही, मी वहीत तारीख घालून ठेवली. मग मी एम-थ्री बाजूला ठेवून बालभारतीचं बारावीचं गणिताचं भाग दोनचं पुस्तक घेतलं, त्यात इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन्स आहेत, पीडीएफ फुकट मिळते. डिप्लोमावाल्या प्रत्येकाला मी हे सांगतो, तुमचं डोकं कमी नाही, मधला एक जिना बांधलेलाच नाहीये, तो आधी बांधा.

आता कॉलेजचं. ऑगस्टमध्ये री-अ‍ॅडमिशनसाठी अर्ज दिला. अर्ज प्राचार्यांना, विभागप्रमुखांच्या द्वारा, त्यावर माझी आणि अण्णांची सही, सोबत मेडिकल सर्टिफिकेट, मागच्या सेमिस्टरची मार्कशीट, लायब्ररीचं नो ड्यूज. दोन प्रती काढा, एक इनवर्डला द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, नंबर मारून पोच घ्या. माझा पहिला अर्ज आधी पोच न घेता दिला होता, तो तीन आठवड्यांनी "सापडत नाही" झाला आणि पुन्हा पुण्याची फेरी पडली. गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट मागितलं, ते नोटरीसकट २५० रुपयांत झालं. ऑफिसमध्ये एका क्लार्कनं माझं सर्टिफिकेट हातात धरून सगळ्यांच्या समोर विभागाचं नाव मोठ्यानं वाचलं, "सायकिअ‍ॅट्री?" तिथं आमच्या वर्गातल्या दोन मुली बोनाफाईड घ्यायला उभ्या होत्या. मी काही बोललो नाही, घरी येईपर्यंत अंगाची आग होत होती. नंतर कळलं की मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ प्रमाणे आपल्या आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा आपल्याला हक्क आहे. पुढच्या वेळी मी सर्टिफिकेट बंद पाकिटात घालून वर "गोपनीय, फक्त विभागप्रमुखांसाठी" लिहून दिलं, आणि मॅडमना विनंती केली तेव्हा त्यांनी आजाराचं नाव न घालता "उपचाराखाली आहे, विश्रांतीची गरज होती" असं लिहून दिलं. तेवढं चालतं.

पैशांचं नुकसान मोठं झालं. आमची ईबीसी, म्हणजे राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी ट्यूशन फी मिळायची, परीक्षेलाच बसलो नाही म्हणून महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, दुसरा हप्ता अडकला आणि रिपीट वर्षाला मिळाली नाही. वर री-अ‍ॅडमिशनची फी. ऑफिसने आधी पूर्ण वर्षाची मागितली, मी फक्त एकच सेमिस्टर करणार होतो, त्याचा वेगळा अर्ज केला, अण्णा दोनदा येऊन बसले, तेव्हा निम्मी घेतली. सगळं मिळून साठेक हजारांचा फटका. अण्णांनी एकदाही बोलून दाखवलं नाही, तरी मला माहितीये तो आकडा.

डिसेंबर २०२४ ला एम-थ्रीचा बॅकलॉगचा पेपर दिला. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप नाही आली, पण सकाळी गेलो. सुटला, काठावर. डेटा स्ट्रक्चर्स नाही सुटला, तो पुढच्या मे मध्ये निघाला. जानेवारी २०२५ पासून सेमिस्टर फोर, ज्युनिअर मुलांच्या वर्गात. हजेरीत माझं नाव सगळ्यात शेवटी, हातानं लिहिलेलं. पहिल्या दिवशी दुसऱ्या लेक्चरनंतर पायऱ्या उतरून गेटपर्यंत गेलो होतो. तिथून ताईंनी शिकवलं होतं तसं पार्टनरला फोन केला, फक्त एवढं सांगितलं की गेटवर आहे. तो टीईच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, प्रॅक्टिकलमधून उठून आला, चहा घेतला, परत आत सोडलं. मी फिट सर्टिफिकेट आणलेलं नव्हतं, ते पण लागतं हे कुणी सांगत नाही, रुजू व्हायच्या आधी ओपीडीतून घेऊन ठेवा.

फेब्रुवारीत एक चूक केली. बरं वाटत होतं म्हणून पाच दिवस गोळी घेतलीच नाही. तिसऱ्या दिवसापासून चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखं व्हायचं. घाबरून ओपीडी गाठली. मॅडम म्हणाल्या, ही सवय लागलेली नाही, पण शरीर जुळवून घेतं म्हणून हळूहळूच उतरवायची असते, आणि बरं वाटायला लागल्यावर पण काही महिने चालू ठेवावी लागते, नाहीतर परत फिरतं. मग ऑगस्टपासून डोस कमी करत करत डिसेंबरला बंद. शेवटच्या महिन्यात रोज स्वतःला तपासत राहायचो, आज उदास वाटतंय ते आजाराचं की नुसतं उदास. आता बऱ्यापैकी कळतं.

२५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, टेलिमानससारखे नंबर हॉस्टेल, वर्ग आणि वेबसाईटवर मोठ्या अक्षरात हवेत. आमच्या कॉलेजात आधी समुपदेशन समिती वेबसाईटवर होती, भेटायला कुणी नव्हतं. आता लायब्ररीच्या बाहेर १४४१६ चा बोर्ड लागलाय आणि आठवड्यातून दोन दिवस एक मॅडम बसतात. तुमच्या कॉलेजात नसेल तर अर्ज करून मागा, पोच घ्या.

मी आता टीईला आहे. वर्षाच्या सुरुवातीला फॉर्म परत भरायचा होता, पालकांच्या नंबरच्या रकान्यात अण्णांचा नंबर लिहिला. मागच्या आठवड्यात संध्याकाळी त्यांचा फोन आला, म्हणाले, "कॉलेजचा मेसेज आलाय, हजेरी ८१ टक्के. शेजारच्या पोराकडून वाचून घेतला. उरलेलं एकोणीस टक्के कुठं हुतास?" मी सांगितलं, दोन दिवस ओपीडीला, चार दिवस तापानं, आणि दोन-तीन दिवस नुसतंच जायला नको वाटलं म्हणून रूमवर होतो. ते म्हणाले, "नको वाटलं त्या दिवशी मला फोन लावायचा."